पडती रेघ

भद्रकालीत, रद्दीच्या दुकानात,
तीस रुपये किलोने मला एक कंपनी मिळाली.
गोदा फोर्जिंग्ज, सातपूर.
साडेचार किलो भरली.
सुतळी दुकानदाराने फुकट दिली.

शेअर सर्टिफिकिटं. कडेने हिरवी वेलबुट्टी,
खाली दोन डायरेक्टरांच्या सह्या,
एक घाईची, एक सावकाश लपेटलेली,
आणि मधल्या ओळीवर शाईने घातलेलं नाव:
श्रीमती लीलावती पांडुरंग गायधनी. शेअर पंचवीस.

त्यावर मी रेघा ओढते,
केसासारख्या, एकीतून दुसरी निघणाऱ्या,
नोटेच्या कोपऱ्यात असतात तशा.
हे मला कुणी शिकवलं नाही.
आप्पा एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
भोंगा झाला की गेटवर झडती, मग सायकल.
नखातल्या शाईशिवाय तिथून काही घरी आलं नाही.
अजूनही नोट हातात पडली की ते आकडा बघत नाहीत,
छपाई बघतात.
माझं चित्र भिंग लावून बघतात, म्हणतात,
इथे रेघ तुटलीय. आमच्याकडे हा ताव बाद.
मी म्हणते, आमच्याकडे त्याचेच पैसे मिळतात, आप्पा.
ते भिंग पुसत बसतात.

प्रदर्शन गंगापूर रोडला. तीन दिवस, भाडं रोज अडीच हजार,
फ्रेमा जुन्या नाशकातल्या इस्माईलभाईंकडून, उधारीवर.
चिठ्ठीवर आधी आठ हजार लिहिले.
मैत्रीण म्हणाली, स्वस्त असलं की लोक कौतुक करून निघून जातात.
मग आठाच्या आधी एक काढला.
एवढी महाग रेघ मी आयुष्यात ओढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या,
पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.
चष्मा कपाळावर सारून नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
अगंबाई, या आमच्या सासूबाई.
बांगडी मोडून घेतले होते हे.
मग आवाज उतरवून,
याचे आता काही मिळतात का हो?
मी म्हटलं, कंपनीच राहिली नाही.
त्यांनी चिठ्ठीवरची किंमत वाचली,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
वहीत नाव-नंबर लिहिला, आणि म्हणाल्या,
शाई मात्र छान टिकलीय.

संध्याकाळी बागूल आले, गुंतवणूक सल्लागार, कॉलेज रोड.
त्यांना मोठं चित्र हवं होतं:
शंभर सर्टिफिकिटं जोडून, वरून लाल रेघ,
गोदा फोर्जिंग्जचा शेवटच्या अकरा वर्षांचा भाव.
ऑफिसात शोभेल, म्हणाले, पण क्लायंट घाबरतील.
चढती नाही का करता येणार?
त्यांच्या मुलाने चित्र उलटं धरून पाहिलं.
पडती रेघ उलटी टांगली तरी पडतीच राहते.
घरी करून बघा, पाठकोऱ्या कागदावर.

शेवटी तोड त्यांनीच काढली.
समोरच्या भिंतीला आरसा लावू,
क्लायंटना आरशाकडे तोंड करून बसवू.
तीन हप्ते. पहिल्याचं टिंग लगेच वाजलं.

लीलावतीबाईंचं चित्र मी विकलं नाही,
असं लिहिलं तर कविता बरी दिसेल.
विकलं. इस्माईलभाईंचे द्यायचे होते.
वहीतला नंबर शोधून सूनबाईंना पाच हजार पाठवले,
का ते नीट सांगताही आलं नाही.

रात्री साडेनऊला चार हजार सातशे पन्नास परत आले.
खाली भाच्याकडून टाइप करून घेतलेलं:
दर्शनी किंमत दहा, पंचवीस शेअर,
अडीचशे ठेवून घेतले.
बाकी रेघांचे आहेत, ते तुमचे.

आप्पांना वाचून दाखवलं.
हिशोब बरोबर आहे, म्हणाले,
आणि दिवा जरा इकडे ओढायला सांगितला.