उगवण चाचणी

ओल्या कागदावर शंभर सरक्या मांडायच्या,
कागद गुंडाळून उबेत ठेवायचा,
बाराव्या दिवशी मोजायचं.
पंचाहत्तर उगवल्या की लॉट पास.
अकरा वर्षं मी हेच करतोय जालन्यात,
सळईच्या कारखान्यांच्या धुरात.

कुणाचं उगवलंच नाही, तक्रार आली,
तर आमचा छापील कागद तयार असतो:
जमिनीत ओल कमी होती. पेरा खोल गेला.
बियाण्यात दोष आढळला नाही.
खाली सही माझी.

सत्यभामाला सहा वर्षं
तोच कागद वाचून दाखवला आमच्या घरानं.
बदनापूरचा झाडपाला, संभाजीनगरची दुर्बीण,
पिशवीत सोडलेला रंग, रंगाचे फोटो.
मी बाहेर बाकावर, मोबाइल बघत.
मला कुणी डबी दिली नाही.
मीही मागितली नाही.

यंदा तापडिया डॉक्टरीणबाईंनी दिली,
वर बॉलपेननं नंबर घालून.
हालचाल अकरा टक्के.

काचेखाली बघितलं मी, त्यांनीच बघू दिलं.
सभेत डुलक्या घेणाऱ्यांसारखे
जागच्या जागी मान हलवणारे.
मग त्यांनी माझ्या बोटातलं रक्त मागितलं.
अनशापोटी दोनशे चौऱ्याऐंशी.

म्हणाल्या, गुऱ्हाळात बसून उपाशी आहात तुम्ही.
गोड सगळीकडं, आत घ्यायला कुणी नाही.
इन्सुलिन म्हणजे दार उघडणारा.
तो नसला की त्यांचीही चाल जाते.
आणि एक सांगू? त्यांच्याकडंही
असतं म्हणे स्वतःचं थोडं इन्सुलिन,
एवढ्याशा जिवात.
शिदोरी बांधून निघतात बिचारे.

मी मान खाली घालून
लॅबचं ओळखपत्र खिशात ढकललं.

आता फ्रिजच्या दारात पेन असतं,
लिंबाच्या लोणच्याशेजारी.
रात्री सत्यभामा माझं पोट चिमटीत धरते,
दहापर्यंत मोजते, सुई काढते.
"दुखलं?"
"नाही."
"मीबी असंच म्हणायचे," ती म्हणते
आणि टोपण लावते.

नवे तयार व्हायला सत्तरेक दिवस लागतात.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांमध्येच
ती बारीक रेघा ओढते.
मोजणं माझं काम होतं एरवी.

आईला वाटतं पेन सुनेचं आहे.
"आता कशाच्या सुया घेती ही?" शेजारणीला विचारते,
सत्यभामा ऐकते, भाकरी थापते,
आणि मी हात धुऊन ताटावर बसतो.
तेवीस दिवस.

आज घनसावंगीहून तक्रार आली.
छापील कागद काढला, जागा रिकामी सोडली,
साहेबांना म्हटलं, नमुना परत लावू.
ते हसले. माझ्या अंगावर पेन फेकलं, साधं, शाईचं.

संध्याकाळी आई वाती वळत होती.
मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो
आणि सदरा वर केला.
बेंबीच्या दोन्ही बाजूंना
निळे-हिरवे ठिपके.