चिकणमातीची पाटी

कॉलेजात पहिल्या दिवशी वही दिली नाही.
दिले गमबूट, एक नंबर मोठे,
आणि ओढायला एक तराफा,
त्यावर लाकडी बोगदा, बोगद्यात चिकणमाती
तळव्याने सपाट केलेली.
"ही तुमची पाटी," मिसेस चार्लटन म्हणाल्या,
"फक्त हिच्यावर तुम्ही लिहायचं नाही."

मी त्रेचाळीसचा. वर्ग सतरा-अठराचा.
एकवीस वर्षं दुधाचा टँकर चालवला रीडच्या खोऱ्यात,
मग एकेक गोठा बंद होत गेला
आणि एका सोमवारी टँकरला जायला ठिकाणच उरलं नाही.
हे खोरं मला काचेतून तोंडपाठ होतं.
नाव मात्र एकाही झुडपाचं येत नव्हतं.

कुंपण निजवायला शिकलो:
हॉथॉर्नचा बुंधा जवळजवळ आरपार कापायचा,
सालीची एक जीभ तेवढी ठेवायची
आणि आडवं करायचं झाड, हळू, आजाऱ्याला कुशीवर वळवावं तसं.
वसंतात जखमेपाशीच फुटतं.
"किती कापलं की मरतं?" टॅमझिनने विचारलं.
"एक मारशील, मग कळेल."

पाणउंदराची लेंडी हिरवट असते, तिला वास नसतो.
कीरनने नाकाशी धरली. आम्ही हसलो,
मग सगळ्यांनीच धरली.
काठावर लव्हाळ्याच्या कांड्या, तिरप्या कापलेल्या,
कुणी बोरू करायला बसलं होतं
आणि चाहूल लागताच उठून गेलं.

पाटीवर पाणकोंबडीने रेघोट्या ओढल्या.
घुशीने गिचमिड केली.
ऊद आला, शेपटीने सगळंच पुसून गेला.
फेब्रुवारीत एक ठसा उमटला,
पाच बोटांचा, चांदणीसारखा, फार सुबक.
मिसेस चार्लटननी तो पाहिला आणि हातमोजे काढले.
"मिंक," म्हणाल्या. "आता माती काढा, पिंजरा ठेवा."

पिंजरा रोज बघायचा, असा कायदा.
नदीजवळ मी राहतो, म्हणून मी.
चौथ्या सकाळी तो आत होता,
घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.
हनुवटीखाली पांढरा ठिपका,
दुधाचा थेंब पुसायचा राहावा तसा.

माझी ऑड्रीआत्या तरुणपणी फरच्या फार्मवर होती.
एका रात्री कुणीतरी जाळ्या कापल्या.
नोकरी गेली तिची, तरी म्हणायची,
"बरं झालं. सुटली बिचारी."
त्या बिचाऱ्यांचा हा कितवा पणतू?
ज्याने जाळी कापली त्यालाही
त्या रात्री शांत झोप लागली असेल.
सोडून देता येत नाही. तोही कायदाच.

मी फोन केला. त्या गाडीतून उतरल्या,
पिस्तूल माझ्यापुढे धरलं नाही,
मीही हात पुढे केला नाही.
मी पिंजरा धरला. तेवढंच माझं काम.
डब्याचं झाकण लागावं एवढा आवाज.
नंतर हात मात्र गरम होते,
त्याच्या की माझ्या अंगाने, कळेना.

निबंध होता पंधराशे शब्दांचा,
उपऱ्या प्रजाती आणि त्यांचं नियोजन.
मी आकडे लिहिले, नकाशा काढला,
आणि कुठेतरी मध्येच तो दुधाचा थेंब.
बासष्ट गुण. समासात लाल शाईने:
"याचा विषयाशी संबंध नाही. राहू दे."

पिंजरा काढला, पुन्हा माती भरली.
तीन आठवडे पाटी कोरी.
टॅमझिन रोज वहीत शून्य मांडते.
आज वाकून बघितलं तिने, थांबली,
म्हणाली, "बोटं पाच. मोठी. एक वाकडं."
काल सारवताना माझाच पंजा उठला होता.
मी पुसायला गेलो.
"थांब," ती म्हणाली, पेन्सिल जिभेला लावून,
"नोंद झाली आता."