एकवीस इंचांचा फेर

मी चित्रकार नाही. भिंतींना कागद लावतो.
लँकशायरमधल्या टेकडीखालच्या गल्ल्यांतून,
खळीची बादली, कुंचा, शिडी आणि ओळंबा घेऊन
बत्तीस वर्षं.

ओळंबा आधी. कारण घर सरळ नसतं,
कुठलंच नसतं.
कोपरे खोटं बोलतात, छत एका अंगाला कलतं.
पहिला पट्टा ओळंब्यात बसला
की बाकीचे निमूट रांगेत येतात.

छप्पन साली गिरणीतून चव्वेचाळीस-सतरा नंबर आला :
करड्यावर मोहरीच्या रंगाचे, घेवड्याच्या बीसारखे आकार,
त्यांना ओवत जाणारी काळी तार,
आणि मध्येच एक लाल, खपलीएवढा.
"हे काय आहे?" मी विचारलं.
गोदामातला क्लेग म्हणाला, "काही नाही.
समुद्राकाठच्या कुणा बाईनं काढलंय, चित्रं काढते म्हणे.
वीस गिनी दिले तिला."

ते 'काही नाही' मी साठ घरांत चिकटवलं.
रेशन संपून दोनच वर्षं झाली होती.
जुन्या कागदावरची तपकिरी फुलं लोकांना नकोशी झालेली,
त्यांच्याखाली बसून त्यांनी फार वाईट बातम्या ऐकल्या होत्या.

मिसेस ऑलरेनशॉला एकाच भिंतीवर हवा होता. रेडिओमागं.
धाकटा डेरिक गोवर येऊन तिथंच कोचावर पडलेला.
मी शिडीवर, तो खालून नावं ठेवत होता :
हा मासा. हा काकाचा कान.
हा मासा पुन्हा.
"दर एकवीस इंचांनी येणार," मी म्हटलं.
"म्हणजे तो मरतच नाही?"
मी सांधा दाबत होतो. उत्तर राहिलं.

पुढं कधीतरी एका रविवारी
भाची म्युरिएल मला मँचेस्टरला घेऊन गेली, कलादालनात.
आणि तिथं तोच! मोहरी, काळी तार, खपली,
दारापेक्षा मोठा,
पांढऱ्या भिंतीवर एकटा.
लोक त्याच्यासमोर प्रार्थनेला उभं राहावं तसे गप्प.
आमच्याकडे त्याच्यासमोर अंडी खात, भांडत,
ओले कोट अडकवत.

मी उजवी कड बघायला गेलो. सवय.
काळी तार तिथं मधूनच तुटली होती,
पुढच्या पट्ट्यावर जिथं तिला धरायचं, ती जागा
नुसता चुना.
हात आपोआप खिशातल्या कात्रीकडं गेला.
"जवळ जाऊ नका," रखवालदार म्हणाला.
"पुढचं कुठंय?" मी विचारलं.
म्युरिएल लाजेनं चूर.
"मामा, ते एवढंच असतं. एकदाच. म्हणून तर ते चित्र."

बसमध्ये मला त्या चित्राची कीव येत राहिली
आणि थोडा हेवाही, खोटं कशाला बोलू.
साठ घरं झाली, पण मला कुणी म्हटलं नव्हतं,
जवळ जाऊ नका.

एकोणऐंशीत ऑलरेनशॉबाई गेल्या.
नव्या माणसांना भिंत कोरी, दुधट हवी होती.
मी पाणी मारलं, कागद भिजू दिला, पाती चालवली.
चव्वेचाळीस-सतरा लांबच लांब सालींनी उतरत होता,
उन्हानं विटलेला, रेडिओच्या जागी मात्र ताजा मोहरी.
तिथंच, कोचाच्या उंचीवर,
एका माशाला पेन्सिलीनं डोळा काढलेला.

वरचा मासा पाहिला. खालचा पाहिला.
नाही.
संबंध भिंतीवर तेवढ्याच एकाला.

पाती खाली ठेवली. चहा घेतला, तोही गार झालेला.
मग बाजूचं सगळं खरवडलं,
वीतभर तुकडा तसाच राहू दिला
आणि त्याच्यावरून नवा कागद लावला,
ओळंब्यात.

मालकिणीला दिसणार नाही.
पण भिंतीवरून सपाट हात फिरवला
तर एका जागी बोट किंचित अडखळतं.
हिशेबात मी ते काम पूर्ण म्हणून लिहिलं आहे.