पडण्याचा तास

सित्राच्या रिफायनरीत मी सेफ्टीला आहे.
आठ वर्षं, पहाटे पाचला,
परांचीवर चढणाऱ्यांना सांगतो:
आधी हुक, मग पाय.
हिंदीत, मोडक्या अरबीत, हातवारे करून.
माणसं पडू नयेत याचा मला पगार मिळतो.

आणि मंगळवारी संध्याकाळी, मुहर्रकला,
मारिसेल माझ्या मुलीला पाडते.

निळी गादी, रबराचा वास.
सिदरा गुडघ्यांवर. मारिसेल मागून कंबर धरून
हलकेच कलवते तिला एका बाजूला.
हात! हात कुठे आहेत?
हात येत नाहीत. खांदा येतो, गाल येतो,
कधी नुसता हुंदका.
'परत,' म्हणते मारिसेल.
तिला मराठीतला एवढाच शब्द येतो,
माझ्याकडून उचललेला.

पहिल्या महिन्यात विचारलं होतं,
चालायला कधी शिकवणार?
स्प्लिंटचा वेल्क्रो चर्रकन उघडत ती म्हणाली,
पडायची भीती असली
की पाऊल जमीन सोडत नाही.

विम्याचे तास सप्टेंबरात संपले.
आता ओव्हरटाइमचे चालू आहेत.
दापोलीहून आत्या विचारते, तेल लावता ना?
लावतो.

रात्रीचं काम माझ्याकडे.
टाच तळहातात धरायची, पोटरी ताणायची,
तीस आकडे.
सिदरा मोजते: सतरा, अठरा, तीस!
मी पुन्हा अठरावर.
एकदा डाव्या पायाची लाथ नाकावर बसली.
रागावण्याआधी मनात आलं,
केवढी उंच गेली!

परवा बिल्डिंगखाली, पार्किंगच्या पत्र्याच्या सावलीत,
वॉकर सोडून ती मांजराकडे निघाली.
दोन पावलं.
तिसरं वाळूवर घसरलं.
फरझाना किंचाळली.
मी धावायला हवं होतं, तेच तर माझं काम.
पण मला दिसले हात.
उजवा आधी.
मग उशिरा, वाकडा, पण आलाच, डावा.
तळवे सोलवटले. कपाळ कोरं.
मांजर पळालं म्हणून ती रडली.

कामावर आमची एक वही असते,
थोडक्यात टळलेल्या अपघातांची.
त्या रात्री सवयीनं तसाच कागद आखला:
तारीख. जागा. कारण, वाळू.
शेवटचा रकाना:
पुन्हा घडू नये म्हणून उपाय.

पेन तिथंच थांबलं.
बराच वेळ.

आतून हाक आली,
अब्बा, टाच राहिली.