बारावी काडी

शेफील्डात चमचे बनायचे म्हणे, जगभर जायचे.
त्याच शेफील्डात माझ्या तोंडात
साधा चमचा शिरत नाही.
बाळाचा आणलाय, पिवळा, प्लॅस्टिकचा,
दांड्यावर बदक.

ओल्ड्रॉइडबाई दातांमध्ये पट्टी धरते:
एकोणीस मिलिमीटर.
"अजून थोडं, लव्ह."
उघडतेच आहे की.
डाव्या कानापुढे कट्कन वाजतं,
वाळकी शेंग फुटावी तसं,
आणि मग अडतं,
आमच्या मागच्या दारासारखं,
ओल धरून फुगलेल्या.

सांध्यात कुर्चेची चकती असते म्हणे, एवढीशी,
ती पुढे घसरलीय.
"झोपेत दात खाता का?"
ते भार्गवला विचारा.
तो सांगतो, पहाटे तीनला वाटतं
घरात कुणीतरी जातं ओढतंय.

लाकडी चपट्या काड्या दिल्या घरी न्यायला.
अकरांची थप्पी दातांत धरायची,
दिवसातून पाचदा.
खिडकीशी बसते, ट्रॅम मोजते, लाळ गळते.
बोलायचं नाही.
ते मला जमतं.

वर्षभर मूग गिळून बसले होते,
आता खरोखरचे मूग:
पातळ, गाळलेले, हिंगाची फोडणी, मीठ बेताचं.

रविवारी संगमेश्वरहून दादाचा फोन.
आईच्या पाटल्या, आईची दोन खोल्यांची जागा, कागद.
"तू तिकडे सुखात. सही तेवढी पाठव."
मी हं म्हणते.
हं-ला तोंड उघडावं लागत नाही.
किती वर्षं नुसत्या हं-वर काढली,
ओठ मिटून, दाढेवर दाढ,
आणि त्याला वाटत राहिलं, ही हो म्हणतेय.

मंगळवारी बारावी काडी गेली.
कानापुढे आग, डोळ्यांत पाणी.
भार्गव म्हणाला, पुरे.
मी बोटानंच थांब म्हटलं
आणि तीस आकडे मोजले,
मराठीत, मनात.
ओल्ड्रॉइडबाई म्हणाली, "ग्रँड,"
तेही ओठ जेमतेम हलवून.
इथे सगळेच असं बोलतात,
थंडी आत जाऊ नये म्हणून बहुधा.

सफरचंद अजून लांब आहे.
जांभई आली तर हनुवटीखाली मूठ लावते.
पण परवा रविवार.
आरशापुढे उभी राहून बघितलं:
ना,
ही.
एकवीस मिलिमीटरांत बसतो शब्द.
वर थोडा वाराही जातो आत.