पाणी न मागणारी

कर्सेटजींची चौऱ्याहत्तरची गाडी
माझगावच्या गॅरेजात येते
तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच कळतं.
शिलाई मशीनवर कुणी पत्रा शिवत असावं, तसा आवाज.
इंजिन मागे. रेडिएटर नाही.
एक पंखा आणि नऊ-दहा लिटर तेल.
तेही चालू, तापल्या इंजिनावरच मोजायचं;
बंद करून मोजलंत तर खोटं बोलते.

पहाटे साडेचारला नळ येणाऱ्या खोलीत मी वाढलो.
पाणी न मागणारं यंत्र
मला तेव्हा साधुपुरुष वाटलं होतं.

त्यांच्या भाच्याची, झरीरची, नवी:
बंपरमागे दोन रेडिएटर,
गुलाबी कूलंट, पंप, नळ्यांचं जाळं.
तिचं इंजिन मी अजून धड पाहिलेलं नाही.
झाकण उघडलं की खाली आणखी एक झाकण.
दुखणं ती लॅपटॉपला सांगते.

खरं सांगायचं तर
मे महिन्यात ताडदेवच्या सिग्नलला
म्हातारीचा काटा लालकडे सरकला,
कर्सेटजी वर्तमानपत्रानं तिला वारा घालत उभे,
मागे हॉर्नवर हॉर्न.
झरीर शेजारून निघून गेला, काचा बंद.
नवी चांगली आहे. वेगवान, थंड डोक्याची.
हे मी कबूल करतो, हात पुसून.

काल नवीचा पंप गळला.
शहाबादी फरशीवर गुलाबी थारोळं
आणि मी सवयीनं खाली बादली सरकवली,
नळाखाली सरकवावी तशी.
"बाबल, तू बी वॉटरकूल्डच," कर्सेटजी हसले.

त्यांच्या गाडीखाली
तेलाचा नेहमीचा डाग
सावकाश मोठा होत होता.