शाखाबदलाचा अर्ज

एस.टी. स्टँडसमोर माझा फ्लेक्स अजून लटकतोय.
सब-लेफ्टनंट हेमांगी गजमल बागुल, सारंगखेड्याची शान.
मागे कुठलंतरी जहाज, बहुधा आपलं नसलेलं,
त्याची तोफ नेमकी माझ्या कानातून बाहेर आलेली.
उसाच्या ट्रकने खालचा कोपरा फाडला:
अभिनंदन करणारे सगळे गेले, मी उरले.

दहा दिवसांची रजा. बॅगेत अर्ज.
कॅप्टन म्हणाले, गनरी सोडून
सर्वेक्षणात जाणारी तू काही पहिली नाहीस,
पण अकरा महिन्यांत?
घरी जा. विचार कर.

घरी विचाराला जागा नाही.
घोड्यांची यात्रा भरलीय, ओसरीवर तीन व्यापारी झोपतात,
अंगणात कुणाचीतरी अबलख घोडी
दोरीवरच्या माझ्या पांढऱ्या गणवेशाचा वास घेते.
माय विचारते, कपडा त्याच ऱ्हातीन ना?
तेच, माय. खांद्यावरची पट्टीसुद्धा तीच.
मग ती परत कळण्याच्या भाकरीकडे वळते.

सुपडूमामाचा जन्म घोड्यांत गेला.
म्हणाला, दुडकी शिकलेल्या शिंगराला
रेवाल चालीवर आणायचं, तर आधी महिनाभर
लगाम हातात धरून नुसतं सोबत चालायचं.
पाठीवर बसायचं नाही. लोक हसतात,
एवढ्या पैशाचं जनावर, आणि हा पायी.
मी विचारलं, आणि नाहीच जमलं तर?
तेवढ्यात त्याचं गिऱ्हाईक आलं.

भ्याली असेल, असं गल्लीत बोलतात.
तोफ मला आवडायची.
तिचा धक्का बरगड्यांत राहायचा, जेवणापर्यंत.
पण एकदा मध्यरात्रीच्या पाळीला
ब्रिजवर लाल दिव्याखाली नकाशा पसरलेला,
आणि त्यावर एक एकटाच आकडा. सतरा.
आजूबाजूला वीतभर कोरं पाणी.
कुणीतरी, कधीतरी, तिथे थांबून
दोर सोडला होता, ओढून घेतला होता, लिहून ठेवलं होतं,
आणि आम्ही दोनशे माणसं
त्या हस्ताक्षराच्या भरवशावर झोपत होतो.
त्या पाळीत मी दोनदा हाक ऐकली नाही.
लेखी समज मिळाली. ती अजून आहे.

आबा तीस वर्षं तापीच्या पुलाखाली
पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचतात.
सकाळी आठला. पुरात दर तासाला.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही,
माझ्या पासिंग आउटलाही नदी चढली होती.

अर्ज त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला.
तठे पाणी खालेवर व्हत ऱ्हास ना, म्हणाले,
मंग शून्य कोठे धरतस?

मी सांगायला लागले. अर्धं मलाच येत नव्हतं.
त्यांनी पान-क्रमांक घातलेल्या सरकारी रजिस्टरातून
एक कोरं पान फाडलं
आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.